साहाय्यित सायकलिंग (मल्टिपल स्क्लेरोसिस)

साहाय्यित सायकलिंग हा मल्टिपल स्क्लेरोसिसच्या रुग्णांच्या पुनर्वसनातील एक व्यायामप्रकार आहे. यात स्थिर सायकलचे पॅडल फिरवण्यासाठी रुग्णाच्या बळाला मोटर किंवा विद्युत उद्दीपनाची जोड दिली जाते. चालू न शकणाऱ्या व्यक्तीही चाकांच्या खुर्चीत बसून हा व्यायाम करू शकतात.

पार्श्वभूमी

या आजारात रोगप्रतिकारक यंत्रणा मेंदू व मज्जारज्जूतील चेतातंतूंच्या मायलिन आवरणावर हल्ला करते. परिणामी पायांत अशक्तपणा, ताठरता व थकवा येतो. शरीराचे तापमान वाढल्यास लक्षणे तात्पुरती बळावतात, म्हणून रुग्णांना दीर्घकाळ व्यायाम टाळण्याचा सल्ला दिला जात असे. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युटा विद्यापीठातील ५४ रुग्णांच्या अभ्यासात, हातापायांनी चालवायच्या सायकलयंत्रावरील १५ आठवड्यांच्या व्यायामाने तंदुरुस्ती वाढल्याचे आढळले. मात्र हे रुग्ण स्वतः पॅडल फिरवू शकत होते. ज्यांना ते शक्य नाही, त्यांच्यासाठी साहाय्यित सायकलिंग वापरले जाते.

कार्यपद्धती

विद्युत उद्दीपनात मांड्या व नितंबांच्या स्नायूंवर इलेक्ट्रोड चिकटवतात. पॅडलच्या स्थितीनुसार यंत्र त्यांना क्रमाने विद्युतस्पंद देते. मज्जारज्जूपासून स्नायूंपर्यंतच्या चेता सहसा शाबूत असल्याने स्नायू आकुंचन पावतात. केवळ मोटरने पाय फिरल्यास सांध्यांची हालचाल होते, परंतु स्नायू व हृदयाला फारसा व्यायाम मिळत नाही.

मर्यादा

संवेदना शाबूत असलेल्या रुग्णांना विद्युतप्रवाह वेदनादायक ठरू शकतो. पेसमेकर बसवलेल्यांसाठी उद्दीपन सामान्यतः वर्ज्य मानतात. या व्यायामाने मूळ आजार बरा होत नाही.