लष्कर मोहल्ला : म्हैसूर नगरीचे एक मराठी वाचन

मराठी भाषकाच्या ऐतिहासिक स्मृतीत म्हैसूर हे नाव शहराचे म्हणून क्वचितच येते. अठराव्या शतकातील पत्रव्यवहारात आणि बखरींत मोहिमेचे लक्ष्य असते ते श्रीरंगपट्टण, तर प्रदेशाचे नाव असते 'कर्नाटक'. विसाव्या शतकात १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि बेळगाव, कारवार हा भाग ज्या राज्यात गेला त्याचे नाव 'म्हैसूर' होते. १ नोव्हेंबर १९७३ रोजी त्या राज्याचे नामांतर 'कर्नाटक' असे झाले. त्यामुळे मधली सतरा वर्षे सीमालढ्याच्या मराठी शब्दकोशात म्हैसूर हे प्रतिपक्षाचे नाव होऊन बसले. स्वारीचा मुलूख आणि वादातील प्रतिपक्ष या दोन प्रतिमांच्या आड प्रत्यक्ष नगरी झाकली गेली. त्या नगरीकडे तिच्या एका मोहल्ल्याच्या नावावरून जाण्याचा प्रयत्न प्रस्तुत निबंधात केला आहे. हा मोहल्ला म्हणजे लष्कर मोहल्ला.

भूमी आणि नाव

म्हैसूर समुद्रसपाटीपासून सुमारे ७७० मीटर उंचीवर वसले आहे. उत्तरेस कावेरी आणि दक्षिणेस तिची उपनदी कपिला, अर्थात कबिनी, यांच्या मधल्या उंचवट्यावरचे हे स्थान. शहरातून मोठी नदी वाहत नाही. म्हैसूरच्या नागरी इतिहासाचा निम्मा भाग या एका भौगोलिक वस्तुस्थितीने ठरविला आहे. कुक्करहळ्ळी आणि कारंजी या तलावांना येथे महत्त्व आले ते पाण्याच्या याच निकडीमुळे. दिवाण पूर्णय्या यांनी कावेरीचे पाणी कालव्याने शहरात आणण्याचा घाट घातला होता, पण तो तडीस गेला नाही. आग्नेयेस चामुंडीची टेकडी सुमारे १,०६० मीटरपर्यंत चढते. तिच्या सुमारे हजार पायऱ्या आणि वाटेवरचा एकसंध पाषाणातील नंदी ही सतराव्या शतकातील दोड्ड देवराज वोडेयर यांच्या कारकीर्दीची देणगी मानली जाते.

नगरीच्या नावाची व्युत्पत्ती महिषासुराच्या कथेशी जोडली जाते. कन्नडमध्ये 'ऊरु' म्हणजे गाव, आणि म्हशीला त्या भाषेत 'एम्मे' म्हणतात. 'मैसूरु' असे म्हणताना कन्नड भाषकाच्या कानावर म्हैस पडत नाही. संस्कृत 'महिषी'पासून प्राकृतमार्गे आलेला 'म्हैस' हा शब्द मराठीत मात्र रोजच्या वापरातला आहे. त्यामुळे 'म्हैसूर' या मराठी रूपात मूळ कथेतले जनावर उघड दिसते. मूळ भाषेत जे पुसट झाले ते शेजारच्या भाषेने आपल्या उच्चारात जपून ठेवावे, हा प्रकार तौलनिक अभ्यासकाला अपरिचित नाही. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचे अधिकृत नाव मैसूरु झाले असले तरी मराठीत 'म्हैसूर' हेच रूप रूढ आहे.

दोन राजधान्या

वोडेयर घराण्याचा आरंभ परंपरेने १३९९ मध्ये धरला जातो. १६१० मध्ये राज वोडेयर यांनी श्रीरंगपट्टण ताब्यात घेतले आणि राज्याचे केंद्र कावेरीच्या त्या बेटावर गेले. म्हैसूर हे त्यानंतर जवळजवळ दोन शतके राजधानीचे केवळ मूळगाव राहिले. मराठी कागदपत्रांत म्हैसूर शहर फारसे का दिसत नाही याचे उत्तर येथेच मिळते. मराठी फौजा ज्या काळात दक्षिणेत उतरत होत्या त्या काळात सत्ता, खजिना आणि तट ही तिन्ही श्रीरंगपट्टणात होती.

या संबंधाचा इतिहास केवळ लढायांचा नाही. १६८७ मध्ये बंगळूर मोगलांच्या हाती पडून पुढे चिक्कदेवराज वोडेयर यांच्याकडे आले, पण त्यापूर्वी ते शहाजीराजे आणि व्यंकोजी यांच्या जहागिरीत होते. १७५७ मध्ये नानासाहेब पेशव्यांनी श्रीरंगपट्टणास वेढा घातला, तेव्हा खंडणीचा आकडा ३२ लाखांवर ठरला आणि रोख रक्कम पुरी न पडल्याने मुलूख गहाण टाकण्यात आला. मार्च १७७१ मध्ये मेलकोट्याजवळ मोती तलावाच्या लढाईत त्रिंबकराव पेठे यांनी हैदरअलीचा पराभव केला. १७९२ च्या तहाने टिपूस ३ कोटी ३० लाखांचा दंड आणि निम्मे राज्य द्यावे लागले, आणि त्या वाटणीत मराठ्यांचाही हिस्सा होता.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू मारला गेला. ३० जून रोजी पाच वर्षांच्या कृष्णराज वोडेयर तिसरे यांना म्हैसूर येथे गादीवर बसविण्यात आले. राजधानी आपल्या मूळगावी परतली, परंतु परत येण्यासाठी तेथे गाव फारसे उरले नव्हते. टिपूच्या काळात म्हैसूरचा जुना किल्ला पाडून त्याचे दगड जवळच्या नजरबाद येथे नव्या बांधकामासाठी नेण्यात आले होते. १७९९ नंतर तेच दगड परत आणून किल्ला पुन्हा उभारला गेला. आजच्या म्हैसूरचा आरंभ नेऊन परत आणलेल्या दगडांपासून होतो, असे म्हणण्यास हरकत नाही.

लष्कर या शब्दाची वाट

या नव्या राजधानीचे जुने विभाग 'मोहल्ला' या नावाने ओळखले जातात. देवराज, कृष्णराज व चामराज हे मोहल्ले राजांच्या नावांचे आहेत, तर लष्कर, मंडी आणि नजरबाद ही नावे फारसी व हिंदुस्थानीच्या वळणाची आहेत. कन्नड राजवंश आणि दख्खनी राज्यकारभार हे दोन थर या नामावळीत शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

'लष्कर' हा मूळ फारसी शब्द मराठीने इतका आत्मसात केला की तो परका वाटत नाही. १८१० च्या सुमारास दौलतराव शिंद्यांची छावणी ग्वाल्हेरच्या किल्ल्याखाली स्थिरावली आणि तिचे शहर झाले, त्याचे नाव लष्कर. पेशवाई बुडाल्यानंतर पुण्याशेजारी इंग्रजांची छावणी वसली, तिलाही मराठीत पुणे लष्कर असेच म्हणतात. तुर्की 'ओर्दू' या छावणीवाचक शब्दावरून एका भाषेस उर्दू हे नाव मिळाले. इंग्लंडमधील चेस्टर, लँकेस्टर यांसारख्या ग्रामनामांत रोमन छावणीचा लॅटिन 'कास्त्रा' दडला आहे. स्पॅनिश अमलाखाली वसलेल्या मेक्सिकोतील केरेतारोसारख्या शहरात मधल्या चौकाला 'प्लासा दे आर्मास', म्हणजे शस्त्रांचा चौक, म्हणतात. प्रत्यक्षात तेथे झाडांची सावली, बाके आणि फेरीवाले असतात. फौज जाते आणि नाव मागे राहते, ही प्रक्रिया सार्वत्रिक आहे.

मात्र फौज आणि बाजार हा बदल नेहमी मागाहूनच घडतो असे नाही. अठराव्या शतकातील दख्खनी लष्कर हे मुळातच चालते नगर होते. मे १७९१ मधील प्रसंग या दृष्टीने बोलका आहे. कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणापर्यंत पोहोचला होता, पण दाणावैरण संपली, बैल मेले आणि वेढ्याच्या तोफा स्वतःच नष्ट करून त्याला परत फिरावे लागले. त्या अवस्थेत हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धन यांच्या फौजा मेलकोट्याच्या बाजूने येऊन मिळाल्या आणि इंग्रजी सैन्य जगले ते मराठी छावणीच्या बाजारावर. धान्यापासून शालींपर्यंत माल, सराफांच्या पेढ्या आणि नाना जातींचे कारागीर असलेल्या त्या बाजाराचे वर्णन इंग्रज इतिहासकारांनी मोठ्या नवलाने केले आहे. दरही चढे होते, हे त्यांनी नोंदविण्यास कमी केलेले नाही. म्हैसुरात लष्कर मोहल्ला आणि मंडी मोहल्ला एकाच नामावळीत येतात, ही संगती या पार्श्वभूमीवर अर्थपूर्ण ठरते.

शिलेदारांची उलटी वाट

१७९९ नंतरच्या म्हैसूर राज्याचे लष्कर हा मराठी वाचकासाठी अवघड विषय आहे. १८०७ च्या पुरवणी तहानुसार राज्याने ४,००० घोडदळ बाळगावयाचे होते. या घोडदळास 'सिल्लेदार' असे म्हणत. स्वतःचा घोडा व हत्यार घेऊन चाकरीस येणारा शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा बारगीर, ही मराठी लष्करी व्यवस्थेची परिचित परिभाषा. ती या राज्याने आपलीशी केली होती. याच म्हैसुरी घोडदळाची तुकडी २३ सप्टेंबर १८०३ रोजी असईच्या लढाईत वेलस्लीच्या बाजूस होती, आणि २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूर येथे होळकरांची फौज मोडली तेव्हाही म्हैसूरचे सिल्लेदार इंग्रजांकडून लढले. मराठेशाहीच्या पराभवात मराठी नावाच्या शिलेदारीचा असा वाटा आहे. पुढे असईनंतर बरोबर ११५ वर्षांनी, २३ सप्टेंबर १९१८ रोजी, जोधपूर व म्हैसूरच्या भालाईतांनी पॅलेस्टाइनमधील हैफा जिंकले.

लेखणीच्या बाजूनेही हीच गुंतागुंत आढळते. हैदर, टिपू आणि वोडेयर अशा तीन राजवटींत कारभार सांभाळणारे पूर्णय्या हे देशस्थ माध्व ब्राह्मण होते. म्हैसूरच्या महसुली दप्तरात कन्नडबरोबर मराठीचाही वापर होत असे आणि १८३१ नंतरच्या इंग्रज आयुक्तांच्या कारभारातही तो काही काळ टिकला. विसाव्या शतकाच्या आरंभी व्ही. पी. माधवराव (१९०६–१९०९) आणि टी. आनंदराव (१९०९–१९१२) हे लागोपाठचे दोन दिवाण तंजावरकडील मराठी घराण्यांतले होते. त्यांच्यानंतर दिवाण झालेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या कन्नड मुलखातले, परंतु त्यांचे अभियांत्रिकी शिक्षण पुण्यात झाले आणि नोकरीचा मोठा काळ मुंबई इलाख्यात गेला. मराठीचा प्रवास म्हैसुरात तलवारीपेक्षा दप्तरातून अधिक खोलवर झाला.

अशोक मार्गावरून

आजचा लष्कर मोहल्ला मुख्यतः अशोक मार्गाच्या दोन्ही अंगांनी पसरला आहे. राजवाड्याच्या उत्तरेस मोठा घड्याळमनोरा लागतो. कृष्णराज वोडेयर चौथे यांच्या कारकीर्दीस २५ वर्षे झाली त्याचे ते १९२७ चे स्मारक. तेथून मार्गाने उत्तरेकडे चालू लागले की दुकाने, पेढ्या, मशीद आणि शेवटी सेंट फिलोमिना चर्चचे दोन उत्तुंग मनोरे दिसतात. या चर्चची कोनशिला १९३३ मध्ये महाराजांच्या हस्ते बसविली गेली. त्याची धाटणी गॉथिक असून जर्मनीतील कोलोन येथील कॅथेड्रलशी तिची तुलना केली जाते, आणि मनोऱ्यांची उंची १७५ फूट सांगितली जाते. हिंदू राजाने आरंभिलेले, फ्रेंच मिशनच्या बिशपने उभारलेले, जर्मन नमुन्याचे हे मंदिर फारसी नावाच्या मोहल्ल्यात उभे आहे.

पश्चिमेस समांतर धावणाऱ्या हमरस्त्यास बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचे नाव आहे. दसऱ्याची 'जंबू सवारी' राजवाड्यातून निघते ती याच सयाजीराव मार्गाने बन्नीमंटपाकडे जाते. बन्नी म्हणजे शमी. मराठी मुलखातही विजयादशमीस शमीपूजन आणि सीमोल्लंघन होते, आणि याच मुहूर्तावर पेशव्यांच्या फौजा मोहिमेस निघत. त्या मोहिमांपैकी कित्येकींचे लक्ष्य हीच भूमी होती. एकाच वृक्षाच्या पूजेसाठी एकीकडे राज्याची सीमा ओलांडावयाची आणि दुसरीकडे शहराच्या वेशीशी जाऊन परतावयाचे, असा हा एका विधीचा दुहेरी अर्थ आहे.

१८९७ मध्ये जुना लाकडी राजवाडा आगीत जळाला. हेन्री आयर्विन यांच्या आराखड्यानुसार उभारलेला आजचा राजवाडा १९१२ मध्ये पुरा झाला. जवळच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलासंग्रहात हातात दिवा घेतलेल्या तरुणीचे जलरंगातील चित्र आहे. प्रेक्षक त्यास सर्रास राजा रविवर्म्याचे समजतात. वस्तुतः ते सावंतवाडीत जन्मलेल्या सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे आहे. म्हैसुरात बहुधा सर्वाधिक पाहिले जाणारे हे मराठी कलाकृतीचे उदाहरण, पण त्याच्या मराठीपणाची जाणीव पाहणाऱ्यांना तर नसतेच, खुद्द मराठी पर्यटकासही क्वचित असते. उलट दिशेनेही असेच घडले. म्हैसुरात जन्मलेले आर. के. लक्ष्मण यांनी हयात मुंबईत काढली आणि २०१५ मध्ये पुण्यात देह ठेवला. मराठी वाचकाने त्यांना कधी परके मानले नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेहून म्हैसूर दरबारात जात, वाटेत धारवाडास थांबत, आणि या येण्याजाण्यातूनच सवाई गंधर्वांना त्यांची तालीम मिळाली. राजकीय सीमा ज्या मुलखातून पुढे आखली गेली, त्याच मुलखातून ही स्वरांची वाट गेली होती.

समारोप

१९६७ मध्ये महाजन आयोगाचा अहवाल आला आणि म्हैसूर राज्य व महाराष्ट्र यांच्यातील वाद विकोपास गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, जुलै १९६९ मध्ये, भारतीय भाषांच्या अभ्यासासाठी केंद्र सरकारची भारतीय भाषा संस्था स्थापन झाली ती म्हैसूर शहरात. मराठीसह सर्व भारतीय भाषांचा विचार करणारी ही संस्था ज्या नगरीत आहे, तिचे नाव मराठी वृत्तपत्रांत तेव्हा वादाचा पक्ष म्हणून छापले जात होते. या विसंगतीकडे मराठी अभ्यासकांचे जेवढे लक्ष जावयास हवे होते तेवढे गेलेले नाही.

म्हैसूरचा मराठी संबंध मोजण्यासाठी केवळ स्वाऱ्यांच्या याद्या पुरेशा नाहीत, आणि हा संबंध केवळ सलोख्याचा होता असे दाखविणेही इतिहासास धरून होणार नाही. खंडणी, तह आणि असई यांच्यासह तो समजून घ्यावा लागेल. त्यासाठी मोडी दप्तर आणि कन्नड साधने शेजारी ठेवून वाचणारा अभ्यासक हवा. असा अभ्यासक तयार होईपर्यंत लष्कर मोहल्ल्यासारखी नावे हाच आपल्या हाती असलेला भरवशाचा दस्तऐवज आहे, कारण ती दोन्ही भाषांत एकाच अर्थाने वाचता येतात.