मराठी बाणा : तेरचा की तुळजापूरचा?

मराठी माणूस मुळात कसा? कोणी म्हणतो लढवय्या, कोणी म्हणतो सोशिक वारकरी. हा वाद जुना आहे.

न्यायमूर्ती रानडे यांनी १९०० साली मराठ्यांच्या सत्तेच्या उदयावर इंग्रजी ग्रंथ लिहिला. डोंगरी मुलखाइतकेच श्रेय त्यांनी जातिभेद सैल करणाऱ्या संतांना दिले. इतिहासाचार्य राजवाड्यांना हे पटले नाही. संतांनी समाज निवृत्त केला, असा त्यांचा आक्षेप होता. त्यांच्या मते महाराष्ट्रधर्म सहिष्णू नव्हे, ‘जयिष्णू’ होता.

असे वाद इतरत्रही झाले. पोलंडचे राज्य १७९५ मध्ये नकाशावरून पुसले गेले, ते १९१८ मध्ये परत आले. मधल्या काळात कवी मित्सकिएविच यांनी आपल्या देशाला राष्ट्रांमधला ख्रिस्त मानले. सर्वांसाठी सोसणारा आणि पुन्हा उठणारा. १८६३चा उठाव रशियाने चिरडला. मग पुढच्या पिढीतल्या लेखकांनी शाळा, शेती आणि उद्योग हेच देशकार्य ठरवले. माणसे तीच, काळाची गरज बदलली, तसा ‘राष्ट्रस्वभाव’ही बदलला.

रशियात दस्तयेव्हस्कीने १८८०च्या पुश्किनवरील भाषणात रशियन माणूस साऱ्या मानवजातीला आपलेसे करणारा असल्याचे सांगितले. त्याच वर्षी पूर्ण झालेल्या ‘कारामाझव्ह बंधू’ या कादंबरीतले पोलिश पाहुणे मात्र बढाईखोर आणि पत्त्यांत लबाडी करणारे आहेत. साऱ्या जगाला कवेत घेणाऱ्या लेखकाला शेजारी काही सामावून घेता आला नाही. स्वतःचे असे चित्र काढताना कोणीतरी चौकटीबाहेर राहतोच.

आपला धाराशिव जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. सह्याद्रीच्या कड्याकपारींनी घडवलेला मराठी माणूस, या व्याख्येत बालाघाटावरचा शेतकरी बसत नाही. पण तुळजापूरला छत्रपतींची कुलस्वामिनी आहे आणि तेरला गोरोबाकाकांची समाधी. राजवाड्यांनी ज्यांना वेगळे केले, ते दोघे इथे एकाच घरात नांदतात. आषाढीला पंढरीची वाट धरणारी माणसेच नवरात्रात घट बसवतात. धाराशिवच्या दर्ग्याचा उरूसही याच मुलखातला.

म्हणून ‘मराठी बाणा’ हा शब्द कानावर पडला, की दोन प्रश्न विचारावेत. हे कोण सांगतो आहे? आणि या व्याख्येत आपल्यापैकी कोण वगळला गेला आहे?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)