डोक्यास लागलेला चेंडू आणि नियमांतील पळवाट

पिंपरी-चिंचवडच्या पूर्वभागांत असलेली भोसरी ही कारखान्यांची वसाहत म्हणून सर्वांस ठाऊक आहे. तेथील एखाद्या कारखान्यांत काम करणाऱ्या माणसाच्या डोक्यास मार बसला, तर प्रथम यंत्र थांबवावयाचें आणि मग इतर विचार करावयाचा, ही रीत आतां सर्वमान्य झाली आहे. यंत्रांच्या धोक्याच्या भागांस कुंपण घालण्याची सक्ती १९४८ च्या कारखाने कायद्यानें केली. माल किती कमी निघाला यापेक्षां माणूस किती शाबूत राहिला हा प्रश्न मोठा, हें तत्त्व त्या सक्तीच्या मुळाशीं आहे. खेळाच्या मैदानावर मात्र हेंच तत्त्व पाळणें अवघड जातें. तेथें खेळ थांबला कीं एका पक्षास विसावा मिळतो आणि दुसऱ्याचा रंगांत आलेला हल्ला मोडतो. एक खेळाडू बाहेर गेला कीं त्याच्या जागीं दुसरा येतो, आणि हा दुसरा त्या घटकेस पहिल्याहून अधिक उपयोगी असूं शकतो. म्हणून जखमी खेळाडूच्या रक्षणासाठीं केलेल्या नियमाकडे प्रतिपक्ष नेहमींच संशयानें पाहत आला आहे.

या संशयाचें एक ठळक उदाहरण भोसरीपासून फार दूर घडलेलें नाहीं. पिंपरी-चिंचवडच्या पश्चिमेस, मुंबई-पुणें द्रुतगती मार्गालगत, गहुंजे येथें महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचें क्रीडांगण आहे. तेथें ३१ जानेवारी २०२५ रोजीं भारत व इंग्लंड यांच्यांत वीस षटकांचा सामना झाला. भारताचे पहिले तीन गडी अवघ्या १२ धावांत बाद झाले होते. पुढें शिवम दुबे व हार्दिक पंड्या या दोघांनीं प्रत्येकीं ५३ धावा काढून डाव सांवरला आणि भारताची धांव १८१ पर्यंत गेली. डावाच्या अखेरच्या षटकांत जेमी ओव्हरटन याचा उसळता चेंडू दुबे याच्या शिरस्त्राणावर आदळला. मैदानावर त्याची तपासणी झाली. तो उभा राहिला, खेळला, आणि शेवटच्या चेंडूवर धावचीत झाला. परंतु क्षेत्ररक्षणाच्या वेळीं तो मैदानांत उतरला नाहीं. मेंदूस हादरा बसल्याच्या कारणावरून त्याच्या जागीं हर्षित राणा हा जलद गोलंदाज आला. वीस षटकांच्या आंतरराष्ट्रीय सामन्यांतील त्याचें हें पदार्पणच होतें. त्यानें ४ षटकांत ३३ धावा देऊन ३ बळी घेतले आणि भारतानें सामना १५ धावांनीं जिंकला.

नियमाचे शब्द असे होते कीं, बदली खेळाडू हा बाहेर गेलेल्या खेळाडूच्या जातीचाच असावा, आणि त्याच्या येण्यानें त्याच्या संघास अवाजवी लाभ होऊं नये. दुबे हा मुख्यतः फलंदाज आणि जोडीला मध्यमगती गोलंदाज. राणा हा मुख्यतः जलद गोलंदाज. दोघे एका जातीचे कसे, असा प्रश्न इंग्लंडचा कर्णधार जॉस बटलर यानें सामन्यानंतर उघडपणें केला. सामनाधिकारी जवागल श्रीनाथ यांनीं बदलीस मान्यता दिली होती, आणि त्या निर्णयावर अपील करण्याची सोय नियमांत नव्हती. नियमाचा भंग झाला असें कोणास सिद्ध करतां आलें नाहीं. परंतु नियमाचा हेतु पाळला गेला असेंहि छातीठोकपणें सांगतां येईना. पळवाट म्हणतात ती हीच.

मग असा नियम मुळांत केलाच कशासाठीं? त्याचें उत्तर महाराष्ट्राच्या क्रिकेटप्रेमी घरांतून अजून विसरलें गेलेलें नाहीं. १९६२ च्या मार्च महिन्यांत वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर असतां बार्बाडोसविरुद्धच्या सामन्यांत चार्ली ग्रिफिथ याचा चेंडू भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर याच्या डोक्यावर आदळला. त्या काळीं फलंदाजाच्या डोक्यावर शिरस्त्राण नसे. कवटी फुटली, तांतडीनें शस्त्रक्रिया करावी लागली. रक्त देण्यास जे पुढें आले त्यांत वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेल होता, आणि आपल्याकडील पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी व पुण्याचे चंदू बोर्डेहि होते. कॉन्ट्रॅक्टर वांचला, परंतु पुन्हा कसोटी सामना खेळला नाहीं. कर्णधारपद अवघ्या २१ वर्षांच्या मन्सूर अली खान पतौडी याजकडे गेलें.

त्या वेळच्या नियमांप्रमाणें जखमी गड्याच्या जागीं आलेल्या खेळाडूस क्षेत्ररक्षण करतां येई. फलंदाजी वा गोलंदाजी करतां येत नसे. म्हणजे ज्या संघाचा गडी डोकें फुटून रुग्णालयांत गेला, त्या संघानें एक गडी कमी घेऊन खेळावें, असाच न्याय होता. हा न्याय पळवाटेस पूर्ण बंद होता, कारण खोटी जखम सांगून कोणाचा लाभ होणार नव्हता. पण त्याची किंमत दुसरीकडे मोजावी लागे. डोकें गरगरत असतांहि संघासाठीं उभें राहणें हेंच शौर्य ठरे, आणि तसें न करणाऱ्यास भ्याड म्हटलें जाई. २०१४ च्या नोव्हेंबरांत सिडनीच्या मैदानावर मानेवर चेंडू लागून फिलिप ह्यूज हा २५ वर्षांचा फलंदाज मरण पावला, तेव्हां क्रिकेटजगताची झोंप उडाली. ऑस्ट्रेलियानें आपल्या देशांतर्गत सामन्यांत बदली खेळाडूस पूर्ण खेळूं देण्याचा प्रयोग केला, आणि १ ऑगस्ट २०१९ पासून आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेनें तो नियम सर्वत्र लागू केला.

फुटबॉलच्या खेळांत हा प्रश्न आणखी बिकट आहे. क्रिकेटमध्यें प्रत्येक चेंडूनंतर खेळ आपोआप थांबतो. फुटबॉल मात्र वाहता खेळ आहे. तेथें डोक्यानें चेंडू मारणें हें कौशल्यच समजलें जातें. इंग्लंडचा जेफ ॲस्टल हा आघाडीचा खेळाडू त्यासाठींच नांवाजला होता. तो २००२ सालीं ५९ व्या वर्षीं मेंदूच्या विकारानें वारला. वर्षानुवर्षें जड चेंडू डोक्यानें मारल्यामुळें हा विकार जडला, असें चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यानें ठरविलें, आणि मृत्यूचें कारण म्हणून ‘औद्योगिक रोग’ असे शब्द नोंदविले. भोसरीसारख्या ठिकाणच्या माणसास या शब्दांचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाहीं. मैदान हेंहि एक कामाचें ठिकाण आहे, आणि तेथें झालेली इजा ही कामावर झालेली इजा आहे, हेंच त्या निर्णयानें सांगितलें.

१३ जुलै २०१४ रोजीं रिओ येथें विश्वचषकाचा अंतिम सामना चालू असतां जर्मनीच्या क्रिस्तोफ क्रामर याच्या डोक्यास प्रतिपक्षाच्या खेळाडूचा खांदा जोरानें लागला. तो उठून पुन्हा खेळूं लागला, आणि थोड्या वेळानें त्यानें पंचासच विचारलें कीं, हा अंतिम सामना आहे काय! ३१ व्या मिनिटास त्यास बाहेर नेलें, तोंवर तो त्याच अवस्थेंत धांवत होता. त्याच वर्षीं डोक्यास मार लागल्यास तपासणीसाठीं तीन मिनिटांपर्यंत खेळ थांबविण्याची तरतूद झाली.

नियम झाला तशी पळवाटहि दिसूं लागली. खेळाडूस गंभीर इजा झाली असें वाटल्यास पंचानें खेळ थांबवावा, असा नियम आहे. डोक्याच्या इजेबाबत पंचास धोका पत्करतां येत नाहीं. तो शिटी वाजवितोच. हें ओळखून, गोलावर हल्ला चढलेला असतां बचाव करणाऱ्या पक्षाच्या एखाद्या गड्यानें डोकें धरून खालीं पडावें, म्हणजे हल्ला तेथेंच संपतो. शिवाय २०१९ पासून असें ठरलें आहे कीं, चेंडू गोलापुढील दंडक्षेत्रांत असतां खेळ थांबला, तर तो पुन्हा सुरू करतांना चेंडू बचाव करणाऱ्या गोलरक्षकासच द्यावयाचा. म्हणजे हल्ला करणाऱ्यांचा चेंडूहि गेला! दुसरी पळवाट गोलरक्षकाचीच आहे. मैदानावर उपचार घेतलेल्या सामान्य खेळाडूस कांहीं वेळ बाहेर जावें लागतें. गोलरक्षकास ती अट नाहीं. तो खालीं बसला कीं उरलेले सर्व गडी सीमारेषेपाशीं जाऊन प्रशिक्षकाचा सल्ला घेऊन येतात.

अशा लबाडीची मजल कोठवर जाऊं शकते, हें रग्बीच्या खेळांत १२ एप्रिल २००९ रोजीं दिसलें. रक्त वाहणाऱ्या खेळाडूच्या जागीं तात्पुरता दुसरा गडी घेण्याची मुभा त्या खेळांत होती. लंडनच्या हार्लेक्विन्स संघाच्या टॉम विल्यम्स यानें तोंडांत खोट्या रक्ताची पुडी फोडली आणि त्याच्या जागीं संघाचा निष्णात किक मारणारा खेळाडू परत मैदानांत आणला गेला. इतकें करूनहि हार्लेक्विन्सचा संघ ६-५ असा हरलाच! कपट उघडकीस आलें व प्रशिक्षक डीन रिचर्ड्स यास तीन वर्षांची बंदी झाली. दयेपोटीं दिलेली सवलत विकत घेतलेल्या रक्तानें वापरली जाऊं शकते, ही गोष्ट त्या दिवसापासून नियम करणाऱ्या कोणासहि नजरेआड करतां आली नाहीं.

येथें नियम करणाऱ्यांपुढें दोन वाटा होत्या. एक वाट अशी कीं, जखमी खेळाडूवरच संशय घ्यावा; त्याच्याकडून पुरावा मागावा. दुसरी वाट अशी कीं, जखम खरी कीं खोटी या वादांत न पडतां तिच्यापासून होणारा लाभच काढून घ्यावा. पहिली वाट वैद्यकशास्त्रास धरून नाहीं. मेंदूस बसलेला हादरा हाडाच्या मोडीसारखा चित्रांत दिसत नाहीं, आणि त्याचीं लक्षणें उशिरानेंहि उमटतात. २०१९ च्या ऑगस्टांत लॉर्ड्सवर स्टीव्ह स्मिथ यास जोफ्रा आर्चर याचा चेंडू मानेजवळ लागला. तो तपासण्यांत उत्तीर्ण झाला व पुन्हा फलंदाजीस आला. दुसऱ्या दिवशीं लक्षणें दिसूं लागल्यावर त्याच्या जागीं मार्नस लाबुशेन खेळला. कसोटींतील हा पहिलाच असा बदली खेळाडू. त्यानें ५९ धावा काढल्या, पण कोणी लबाडीचा आरोप केला नाहीं, कारण फलंदाजाच्या जागीं फलंदाजच आला होता.

२०२० च्या डिसेंबरांत कॅनबेरा येथें रवींद्र जडेजा याच्या शिरस्त्राणावर चेंडू लागला. तेथें वेगळें घडलें. तो डाव संपेपर्यंत खेळला, आणि नंतर त्याच्या जागीं आलेल्या युजवेंद्र चहल यानें ३ बळी घेतले. ऑस्ट्रेलियाचे प्रशिक्षक जस्टिन लँगर यांनीं मैदानावरच हरकत घेतली. गहुंजे येथील वाद हा याच वादाचा पुढचा अध्याय होता.

फुटबॉलनें दुसरी वाट धरली. २०२० च्या डिसेंबरांत प्रयोग म्हणून मान्य झालेला आणि १ जुलै २०२४ पासून स्पर्धांस कायम स्वीकारतां येण्याजोगा झालेला नियम असा आहे: मेंदूस हादरा बसल्याचा संशय असेल तर संघास एक जादा बदली खेळाडू घेतां येतो, परंतु बाहेर गेलेला खेळाडू त्या सामन्यांत परत येऊं शकत नाहीं, आणि प्रतिपक्षासहि तितकाच एक जादा बदली खेळाडू मिळतो. या नियमांत कोणासहि खोटें ठरविलेलें नाहीं. फक्त खोटेपणाचें फळ दोघांत सारखें वांटून टाकलें आहे.

गहुंजेच्या सामन्यानंतर क्रिकेटनेंहि तेंच धोरण पतकरलें. २०२५ च्या मध्यापासून प्रत्येक संघानें सामन्यापूर्वींच पांच बदली खेळाडूंचीं नांवें द्यावयाचीं असें ठरलें: एक यष्टिरक्षक, एक फलंदाज, एक जलद गोलंदाज, एक फिरकी गोलंदाज व एक अष्टपैलू. प्रसंग आल्यावर सोईचा गडी शोधण्यास आतां फारशी जागा उरली नाहीं. शिवाय ज्यास हादरा बसल्याचें निदान झालें, त्यानें निदान सात दिवस खेळूं नये असाहि नियम झाला. या दुसऱ्या नियमाचें महत्त्व पहिल्याहून कमी नाहीं. गहुंजे येथें बाहेर गेलेला दुबे २ फेब्रुवारीस, म्हणजे दोनच दिवसांनीं, मुंबईंत वानखेडे मैदानावर खेळला होता. त्यास झालेली इजा खरी धरली तर हें घाईचें होतें; खोटी धरली तर बदलीच गैर होती. सात दिवसांच्या अटीनें हा पेंच सुटला. इजा सांगितली तर तिची किंमतहि मोजावी लागेल, आणि खऱ्या जखमीस विश्रांति मिळेल.

एक पळवाट मात्र अजून उरली आहे, आणि ती सर्वांत घातक आहे. हंगामापूर्वीं खेळाडूंच्या स्मरणाची व लक्ष देण्याच्या शक्तीची चांचणी घेतात, म्हणजे पुढें मार बसल्यावर तुलना करतां येते. कांहीं खेळाडू या पहिल्या चांचणींत मुद्दाम कमी गुण मिळवितात, कीं पुढें डोकें बिघडलें तरी तें कोणास कळूं नये आणि संघांतली जागा जाऊं नये. येथें लबाडी प्रतिपक्षाशीं नाहीं, स्वतःच्या मेंदूशीं आहे. ग्लासगो येथील संशोधकांनीं २०१९ सालीं दाखवून दिलें कीं, व्यावसायिक फुटबॉल खेळलेल्या माणसांस मेंदूच्या ऱ्हासाच्या रोगांनीं मृत्यु येण्याचें प्रमाण इतरांच्या सुमारें साडेतीन पट आहे. सामना नव्वद मिनिटांत संपतो. हा हिशेब चाळीस वर्षांनीं पुरा होतो.

म्हणून खोट्या जखमेची पळवाट बुजवितांना खऱ्या जखमीचा रस्ता बंद होणार नाहीं, याची काळजी घ्यावी लागते. डोकें धरून पडलेल्या दहांपैकीं नऊ जण सोंग करीत असले, तरी दहाव्यासाठीं शिटी वाजलीच पाहिजे. कारखान्यांत यंत्र थांबविणाऱ्यास कोणी विचारीत नाहीं कीं, तुझा विसावा किती मिनिटांचा झाला. मैदानावरहि तो प्रश्न विचारण्याची गरज पडूं नये, इतका नियम चोख करणें, हेंच नियम करणाऱ्यांचें काम आहे.