थ्रेड : उत्स्फूर्त वादन कागदावर कसे उतरवावे? एका २७५ वर्षांहून जुन्या प्रश्नाची गोष्ट

१/ मे १७४७, पॉट्सडॅमचा राजवाडा. प्रशियाचा राजा दुसरा फ्रेडरिक याने योहान सेबास्टियन बाखला एक सुरावट दिली आणि तिच्यावर तिथल्या तिथे फ्यूग वाजवण्यास सांगितले. बाखने तो वाजवला. पुढे त्याच सुरावटीवर त्याने ‘म्युझिकल ऑफरिंग’ रचून छापले; परंतु त्या दिवशी बोटांतून नेमके जे उमटले, ते हवेतच विरले.

२/ योगायोग पाहा. त्याच वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे क्रीड नावाच्या धर्मोपदेशकाचा एक निबंध आला. विषय होता उत्स्फूर्त वादन आपोआप लिहून घेणारे यंत्र! प्रत्येक पट्टीशी जोडलेली लेखणी आणि तिच्याखाली समान गतीने सरकणारा कागद. पट्टी जितका वेळ दाबलेली, तितकी रेघ लांब. पुढील दशकात बर्लिनमध्ये होलफेल्डने याच धर्तीचे यंत्र प्रत्यक्ष घडवले.

३/ मग प्रश्न सुटला का? नाही. रेघ सेकंद मोजते, स्वरलिपी मात्रा मोजते. मात्रा विलंबितात लांबते, द्रुतात आखडते. वादक एखाद्या स्वरावर क्षणभर रेंगाळला, तर रेघ वाढते. मात्रा मात्र एकच राहते. हे यंत्राला कोणी सांगावे?

४/ १९०४ साली जर्मनीतील वेल्टे कंपनीने छिद्रांकित कागदाच्या गुंडाळीवर पियानोवादन नोंदवण्याची पद्धत आणली. ग्रीग, मालर, देब्युसी यांचे वादन तिने जपले. पियानो ते पुन्हा वाजवू शके. तरीही छिद्रे म्हणजे स्वरलिपी नव्हे.

५/ उत्तराची दिशा १९७६ मध्ये दिसली. मूळचे रसायनशास्त्रज्ञ असलेले क्रिस्टोफर लाँग्वे-हिगिन्स यांनी ‘नेचर’ नियतकालिकात एक संगणकीय पद्धत मांडली. पुढची मात्रा कुठे पडेल याचा संगणक अंदाज बांधतो; स्वर किंचित आधी वा नंतर आला, तर त्याला चूक न ठरवता स्वतःचा अंदाज सुधारतो. मुरलेला तबलजी गायकाबरोबर हेच करत असतो.

६/ १९८३ मध्ये ‘मिडी’ प्रणाली आली. कोणती पट्टी, किती जोराने, कधी दाबली, हे सारे अंकांत नोंदवले जाऊ लागले. पण मिडी फाइलमध्ये टेम्पो दिलेला नसेल, तर मिनिटाला १२० मात्रा असे गृहीत धरले जाते. तुम्ही ९० च्या लयीत वाजवलेत, तर तुमचा चार मात्रांचा बार संगणकाला पाच पूर्णांक एक तृतीयांश मात्रांचा दिसतो. स्वर सारे बरोबर, लिपी मात्र निरर्थक!

७/ म्हणून आज सॉफ्टवेअर वापरताना क्रम महत्त्वाचा :
• ठरावीक टेम्पो बंद करून ‘वादनाशी जुळवून घ्या’ हा पर्याय निवडा.
• टेम्पोची मर्यादा द्या, उदाहरणार्थ ७० ते ११०. अन्यथा संगणक दुप्पट वा निम्मी लय पकडतो.
• पहिली मात्रा कोणती, ते स्वतः दाखवा.
• सर्वांत लहान स्वरमूल्य ठरवा. ते फार बारीक ठेवले, तर प्रत्येक रेंगाळणे कागदावर काटेरी चिन्हे होऊन उमटते.
• क्वांटायझेशन शेवटी, आणि तेही केवळ छापील प्रतीपुरते.

८/ शेवटची अट सर्वांत मोलाची. क्वांटायझेशन प्रत्येक स्वर जवळच्या घरात नेऊन बसवते. मूळ नोंदीवरच ते लादले, तर वादकाचे थबकणे, धावणे, श्वास घेणे कायमचे पुसले जाते. बाखच्या वादनाचे जे झाले, तेच पुन्हा. फरक इतकाच की या वेळी आपल्या हातून.

९/ मोडी कागदाचे बाळबोधीत लिप्यंतर झाले म्हणून मूळ कागद कोणी रद्दीत घालत नाही. लिप्यंतर हा एक अन्वयार्थ असतो, कागद हा पुरावा. स्वरलिपी आणि वादन यांचे नाते तेच आहे. दोन्ही जपा, आणि कोणते कोणते आहे याची खूण ठेवा.