गुंगी, संमती आणि काचेची कुपी

‘गुंगी’ हा शब्द आपल्या रहस्यकथांनी झिजवून टाकला आहे. सरबतात मिसळलेली पूड, डोळ्यांवर येणारी झापड, पुढचे काही न आठवणे, हे सारे वाचकाला पाठ असते. नशेतली संमती खरी नव्हे, हे भारतीय दंड संहितेच्या कलम ९० मध्ये १८६० पासून होते. बलात्काराच्या व्याख्येत मात्र गुंगीचा उल्लेख यायला १९८३ साल उजाडावे लागले. त्यामागचा खटला विदर्भातला आहे.

२६ मार्च १९७२ च्या रात्री देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. तिची वैद्यकीय तपासणी दुसऱ्या दिवशी रात्री आठला झाली. वय चौदा ते सोळा. अंगावर जखम नाही. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये शिक्षा दिली, सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये ती रद्द केली. जखम नाही म्हणजे प्रतिकार नाही, प्रतिकार नाही म्हणजे संमती, अशी ती साखळी. (फिर्यादी पक्षाच्या कथनात नशेत असलेला माणूस एकच, आणि तो हेड कॉन्स्टेबल!) उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार यांनी १९७९ मध्ये न्यायालयाला खुले पत्र लिहिले. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीने १९८३ ची दुरुस्ती घडवली.

शब्द कायद्यात आला. पण त्याचा पुरावा रक्तातून तासागणिक ओसरतो. मद्य शंभर मिलिलिटर रक्तामागे ताशी साधारण १५ ते २० मिलिग्रॅम या वेगाने उतरते. गॅमा हायड्रॉक्सीब्युटिरेट रक्तात जेमतेम सहा-आठ तास सापडते, लघवीत बाराएक तास. झोपेच्या गोळ्यांपैकी काहींचा माग लघवीत कित्येक दिवस राहतो. म्हणून रक्ताबरोबर लघवीही घ्यायची असते. रक्तासाठी सोडियम फ्लोराइड घातलेली कुपी लागते. साध्या कुपीत, उन्हाळ्यात शीतपेटीवाचून ठेवलेल्या नमुन्यात जंतूच मद्य तयार करू शकतात.

२००५ च्या दुरुस्तीने तपासणीसाठी चोवीस तासांची मुदत घातली, आणि तीही पोलिसांना खबर मिळाल्यापासूनची. नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे. ही मुदत कोणी रसायनशास्त्रज्ञाला विचारून ठरवली असेल, असे आम्हांला वाटत नाही. तपासणीच्या निकृष्ट दर्जाविषयी सेवाग्रामच्या डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अहवाल लिहिला, त्यावरून २०१० मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनी प्रथमखबरीची वाट न पाहता रुग्णालयाने तपासणी करावी, असे स्पष्ट केले.

बेसा येथून मेडिकल फार लांब नाही. वेळ जातो तो शुद्धीवर येण्यात, तुटक आठवणी जुळवण्यात, आईला सांगावे की नाही या घालमेलीत. तोवर आठ तास केव्हाच उलटलेले असतात. मग रासायनिक विश्लेषकाचा अहवाल येतो: ‘आढळले नाही.’ नमुना किती तासांनी घेतला, हे त्याच्याशेजारी ठेवून वाचले नाही, तर ‘आढळले नाही’चा अर्थ ‘दिलेच नव्हते’ असा लावला जातो. १९७८ च्या निकालपत्रात ‘जखम नाही’ हे शब्द असेच वाचले गेले होते.