निदान दुरुस्ती

वातानुकूलन यंत्राचा इतिहास माणसाच्या घामापासून सुरू होतो, असा आपला समज असतो. वस्तुतः तो कागदापासून सुरू होतो. १९०२ साली न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील एका छापखान्यात दमट हवेमुळे कागद फुगत असे, आकसत असे, आणि एकावर एक छापायचे रंग नेमके जुळत नसत. विलिस कॅरियर या तरुण अभियंत्याने त्यावर तोड काढली. थंड नळ्यांवरून हवा नेली की तिच्यातील बाष्प नळ्यांवर जमून गळते आणि खोलीतली आर्द्रता ताब्यात राहते. माणसांना मिळालेला गारवा हा या उपायाचा आनुषंगिक लाभ. पुढे १९०६ साली स्टुअर्ट क्रेमर यांनी ‘एअर कंडिशनिंग’ ही संज्ञा योजली, तीही सूतगिरणीतील आर्द्रतेच्या संदर्भात.

हा इतिहास आठवण्याचे निमित्त घरगुती आहे. आम्ही दोघेही मराठी शिकवतो. वडिलांनी जमवलेल्या जुन्या मासिकांचे बांधीव खंड आमच्या एका खोलीत आहेत. पावसाळ्यात त्यांना बुरशी धरू लागली, म्हणून २००७ साली तेथे खिडकीत बसणारे दीड टनाचे यंत्र घेतले. म्हणजे नकळत का होईना, आम्हीही ते कागदासाठीच घेतले होते. गेल्या वर्षी मृगाच्या तोंडावर त्याने गार हवा देणे थांबवले. आठवड्याभरात दोन खंडांच्या पुठ्ठ्यांवर पांढुरके ठिपके दिसले. दुरुस्तीसाठी बोलावलेल्या तंत्रज्ञाने यंत्राकडे उभ्या उभ्या पाहिले आणि निकाल दिला, “सर, अठरा वर्षं झाली याला. गॅसही जुना. एक्स्चेंजमध्ये देऊन टाका.” त्याने यंत्राचा एक स्क्रूही सैल केला नव्हता.

आम्हांला खटकले ते हेच. यंत्र टाकावे की ठेवावे, हा प्रश्न पुढचा. त्याला झाले काय आहे, हे न पाहताच निर्णय झाला होता.

भारतातील या धंद्याची परंपरा मात्र वेगळी आहे. मुंबईत १९३३ साली उघडलेले रीगल हे चित्रपटगृह वातानुकूलित होते, तेव्हा ही यंत्रे परदेशातूनच येत. १९४३ साली मोहन अडवाणी यांनी मुंबईत ब्लू स्टारची स्थापना केली, ती जुनी वातानुकूलन यंत्रे आणि शीतकपाटे पुन्हा चालती करून देण्याच्या कामासाठी. व्होल्टास निघाली १९५४ साली. चैनीची वस्तू म्हणून या यंत्रांवर दीर्घकाळ जबर कर होता. सुटा भाग सहज मिळत नसे. त्यामुळे आपल्याकडे दुरुस्ती हा मूळ व्यवसाय होता, आणि विक्रीने त्याची जागा पुढे घेतली. २०२२ साली केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याला ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमावी लागली, यावरून आपण किती अंतर चालून आलो हे कळते.

“गॅसही जुना” हे त्या तंत्रज्ञाचे विधान मात्र खोटे नव्हते. आरंभी अमोनिया, सल्फर डायऑक्साइड असे विषारी वायू शीतकरणासाठी वापरले जात. १९२८ साली थॉमस मिजली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बिनविषारी व न जळणारे क्लोरोफ्लुरोकार्बन पुढे आणले आणि शीतयंत्र घरात निर्धास्तपणे वावरू लागले. १९७४ साली मोलिना आणि रोलंड यांनी हेच वायू ओझोनच्या थराला घातक असल्याचे दाखवून दिले. १९८७ साली माँट्रियल करार झाला, १९९२ साली भारत त्यात सामील झाला. आमच्या यंत्रातला आर-२२ हा त्याच कुळातला, तुलनेने कमी घातक वायू. आता भारतात नव्या यंत्रांत तो भरला जात नाही. परंतु त्याचा एक किलो हवेत सुटला, तर सुमारे पावणेदोन टन कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णतावाढ होते. जुने यंत्र भंगारवाल्याच्या हातोड्याखाली गेले, की नळी तुटते आणि हा वायू आकाशात जातो. तेव्हा यंत्र टाकणे ही वाटते तितकी निरुपद्रवी कृती नाही.

अखेर आमच्या गल्लीतले एक वयस्क मिस्त्री आले. त्यांनी आधी प्रश्न विचारले. पंखा फिरतो का? फिरत होता. कॉम्प्रेसर सुरू होताना आवाज कसा येतो? काही सेकंद घुमतो, मग ‘टक्’ होऊन बंद पडतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. “मॅडम, गॅस संपत नसतो. तो गळतो. गळती शोधल्याशिवाय गॅस भरणं म्हणजे फुटक्या घागरीत पाणी,” ते म्हणाले. त्यांनी वीज तोडली, कपॅसिटरमध्ये साठलेला भार उतरवला आणि मीटर लावला. वर ३६ मायक्रोफॅरड छापलेले होते, मीटर २१ दाखवत होता. कॉम्प्रेसरला सुरू होण्यापुरता रेटाच मिळत नव्हता. काही शे रुपयांचा कपॅसिटर बदलला. मागच्या जाळीत बसलेला धुळीचा थर धुऊन काढला. यंत्र चालू करून विजेचा प्रवाह मोजला आणि यंत्रावरच्या पट्टीवरील आकड्याशी ताडून पाहिला. गॅसला हात लावावा लागला नाही.

याचा अर्थ प्रत्येक जुने यंत्र जपावे, असा नव्हे. कॉम्प्रेसरचे वेटोळे जळले असते, किंवा नळ्या जागोजागी गंजल्या असत्या, तर आम्हीही नवे घेतले असते. मात्र आधी वायू काढून सिलिंडरमध्ये भरून घ्यायला लावला असता. हे यंत्र नव्या यंत्रांपेक्षा जास्त वीज खाते, हेही खरे. ते उन्हाळाभर दिवसाचे आठ तास चालवायचे असते, तर हिशेब बदलला असता. आमचे चालते पावसाळ्यात, दिवसाकाठी दोन तास.

पाठचिकित्सा शिकवताना आम्ही विद्यार्थ्यांना सांगतो की पोथी भ्रष्ट आहे असे म्हणून ती बाजूला ठेवू नका. कोणती ओळ, कोणते अक्षर बिघडले ते दाखवा. ‘निदान’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, रोगाची परीक्षा आणि ‘किमानपक्षी’. दुरुस्ती होवो अथवा न होवो, निदान निदान तरी व्हावे, एवढीच आमची अपेक्षा होती. ते दोन खंड पुसून, वाळवून पुन्हा फळीवर ठेवले आहेत. एकाच्या पुठ्ठ्यावरचा डाग राहिलाच.