पेल्यातून पातेल्यात

गिरण्यांच्या जागी लोअर परळला जी रेस्तराँ उभी राहिली, त्यांच्या मेनूकार्डावर ‘पिंक सॉस पास्ता’ बहुधा सापडतोच. दादरच्या कॅफेंतही तो असतो आणि पोरांच्या वाढदिवसाला आता घरोघरीही होतो. लाल सॉस आणि पांढरा सॉस एकत्र केला की झाला गुलाबी, एवढंच त्याचं शास्त्र. कागदोपत्री पुरावा माझ्याकडे नाही, पण चव घेतली की मला दर वेळी वाटतं, हा व्होडका सॉसचा सोवळा भाऊ. घराण्याचा रंग आला, तोंडवळा आला, फक्त बाटली उंबऱ्याबाहेर राहिली.

त्या घराण्याचा मूळपुरुष शोधायचा तर आधी बारमध्ये शिरावं लागतं. रशियन क्रांतीनंतर परागंदा झालेल्या लोकांबरोबर व्होडका पॅरिसला पोचली. तिथल्या हॅरीज न्यूयॉर्क बारमध्ये फर्नांड पेतियो नावाचा बारमन होता. १९३४ मध्ये तो न्यूयॉर्कच्या सेंट रेजिस हॉटेलात आला. टोमॅटोचा रस आणि व्होडका हे ‘ब्लडी मेरी’चं जोडपं त्याच्या नावावर जमा आहे. पण १९६४ मध्ये ‘न्यूयॉर्कर’शी बोलताना त्यानंच सांगितलं की नुसता रस आणि व्होडका ही जॉर्ज जेसेल या नटाची करामत, त्यात मीठ, मिरी, लाल तिखट, लिंबू आणि वूस्टरशायर सॉस घालून आपण तिला चव आणली. म्हणजे आपल्या भाषेत, फोडणी त्याची.

टोमॅटो, तिखट आणि व्होडका एकदा पेल्यात नांदू लागल्यावर त्यांना पातेल्यात उतरायला फारसा वेळ लागायला नको होता. तरी चाळीसेक वर्षं गेली. छापील नोंद सापडते ती १९७४ ची, आणि तीही एका नटाचीच. उगो तोन्याझ्झी हा इटलीतला नावाजलेला विनोदी नट. आदल्याच वर्षी ‘ला ग्रांद बूफ’ या सिनेमात, खाऊन खाऊन मरायचं ठरवलेल्या चार मित्रांपैकी एक तो झाला होता. पडद्याबाहेरही गडी अट्टल खवय्या. ‘लाब्बुफोने’ या पुस्तकात त्यानं मिरची मुरवलेल्या व्होडकातल्या पेन्ने पास्त्याची कृती दिली आणि तिला नाव ठेवलं ‘इन्फुरियाता’. रोमची तिखट ‘अराब्याता’ रागावलेली, तर ही पार पिसाळलेली.

पुढे मात्र वारसाहक्काचे दावे सुरू झाले. बोलोन्यातलं दान्ते रेस्तराँ म्हणतं पदार्थ आमचा. न्यूयॉर्कच्या ओरसिनी रेस्तराँतल्या लुइजी फ्रान्झेझे या शेफचं नाव तिकडचे लोक घेतात. कोलंबिया विद्यापीठातल्या एका विद्यार्थ्याचंही नाव मध्येच डोकावतं. व्होडका खपावी म्हणून कंपन्यांनीच ही कृती रुजवली, असंही सांगतात. माझं मत विचाराल तर छापून आलेलं ते खरं धरावं, आणि ते तोन्याझ्झीचं आहे.

त्यानं मिरची व्होडकात का मुरवली, हे लालबागच्या मिरची गल्लीत उभं राहिलं की बरोबर कळतं. पावसाळ्याआधी इथे वर्षाचा मसाला करायला बायका येतात. बेडगी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, असा हिशोब करत मिरच्या निवडतात, आणि शेजारी डंक धाडधाड चालू असतात. तिखटाचा जो ठसका असतो, तो ज्या द्रव्यामुळे येतो ते कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. तेलात आणि अल्कोहोलमध्ये विरघळतं. म्हणून तिखट लागल्यावर पाणी प्यालं तरी तोंड पोळतच राहतं. तीन-चार संकेश्वरी मिरच्या देठ काढून, उभ्या चिरून पेलाभर व्होडकात रात्रभर ठेवल्या, तर सकाळी ते पाण्यासारखं द्रव केशरी झालेलं असतं आणि नुसतं हुंगलं तरी नाक झणझणतं. व्होडकाचं दुसरं काम वासाचं. ती भराभर उडते आणि उडताना टोमॅटोचा, लसणाचा वास बरोबर वर नेते. मात्र जास्त झाली की वास तिचाच येतो.

कृती तशी सोपी. चौघांना ४०० ग्रॅम पेन्ने, सॉस होत आला की खारट पाण्यात टाकायची. आधी तेलावर लसूण आणि बारीक कांदा परतायचा, टोमॅटोचा गर घालून तेल सुटेपर्यंत आटवायचा. मग गॅस बंद करायचा आणि तेव्हाच ती मिरचीची व्होडका, साठेक मिलिलिटर, ओतायची. पेटत्या शेगडीवर ओतली तर भडका उडतो. पुन्हा मंद आचेवर पंधरा मिनिटं, शेवटी साय किंवा क्रीम, आणि पास्त्याचं थोडं पिठूळ पाणी. दारू उडून जाते हा समज अर्धवट खरा आहे. अमेरिकी कृषी खात्याच्या तक्त्याप्रमाणे पंधरा मिनिटं शिजवल्यावर सुमारे ४० टक्के अल्कोहोल उरतं, अडीच तासांनीही पाचेक टक्के. साठ मिलिलिटर व्होडकात अल्कोहोल असतं चोवीस. म्हणजे चौघांत मिळून दहाएक मिलिलिटर पोटात जातं. चढायचा प्रश्न नाही, पण मुलांना किंवा कडक व्रतवाल्यांना वाढताना सांगून वाढावं.

गिरगावात ही बाटली घरी आणायची, तर १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे. रीतसर परवाना लागतो आणि व्होडकासारख्या दारूला वयाची पंचविशी पुरी असावी लागते. ‘परमिट रूम’च्या पाट्या त्याच कायद्याची पोरं. सॉसमध्ये थोडीशी घालणाऱ्या गृहिणीनं आधी परवाना काढावा, असं कायदा बनवणाऱ्यांच्या मनातही नसेल, पण अक्षरशः वाचलं तर निघतं ते तेच.

उरलेलं सामान मात्र परकं नाही. पास्ता ज्या ड्युरम गव्हाचा करतात, त्याच कुळातला बन्सी गहू आपल्याकडे रव्याला आणि शेवयांना वापरत आलेत. आणि शेवया पेल्यात घालायची युक्ती तर मुंबईला कधीचीच ठाऊक आहे: क्रॉफर्ड मार्केटसमोर १९०५ पासूनच्या बादशाहमध्ये फालुदा मागवा, दूध, गुलाबाचं सरबत, सब्जा आणि तळाला पिठूळ शेवया एकत्र येतात. इटालियनांनी पेला पातेल्यात ओतला, इराणकडून आलेल्या या पेयानं पातेलं पेल्यात ओतलं. दोघांत संबंध काही नाही, पण शेवया आणि पेय एकत्र नांदू शकतात हे मुंबईकराला कुणी नव्यानं शिकवायला नको.

तर व्होडका नको असेल तर खुशाल वगळा. मिरची तेलात मुरवली की ठसका उतरतोच, फक्त वास वर येण्याची गंमत कमी होते. वगळलीत म्हणून तिच्या जागी व्हिनेगर मात्र घालू नका; दोन्ही पाण्यासारखी दिसतात, एवढंच त्यांचं नातं. थोडी लिंबाची साल किसून घाला, ती चालते.